कूलरमागचा राऊटर

परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी घरात फक्त कूलर बोलतो. सुट्टीला माहेरी गेले तेव्हा वायफाय नुसतं रांगत होतं. शोधलं, तर बाबांनी राऊटर कूलरमागे, वाळ्याच्या ओल्या ताटीला टेकवून ठेवलेला.

"लय तापायलंय बिचारं," ते म्हणाले.

चिडलेच मी. पाण्याने, पत्र्याने सिग्नल अडतो असं सांगून मी तो भिंतीवर उंच टांगला, चॅनल बदलला. मग अंगणातल्या कडुलिंबाखालीसुद्धा छान रेंज आली.

आता मी पुण्याहून व्हिडिओ कॉल लावते. बोलता बोलता बाबांचा चेहरा थांबतो, हसू अर्ध्यावर राहतं. राऊटर पुन्हा गारव्याला गेलाय, हे मला कळतं. पण कॉल तोडवत नाही. वाळ्याचा वास येईपर्यंत मी तशीच बघत बसते.