ब्रशवालीच्या नावाची वेलांटी

गल्लीत तिला दुर्बीण म्हणत. तोंडावर कुणाची बिशाद नव्हती, तोंडावर ती 'ब्रशवाल्या ताई'च. पण गॅसचं सिलिंडर आलं की काट्यावर चढवल्याशिवाय आत न घेणारी, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी, लग्नाचं आमंत्रण हातात पडलं तरी आधी 'आपल्याला का बोलावलं असेल?' असं विचारणारी बाई आणखी कुठल्या नावानं ओळखली जाणार? लोक ताक फुंकून पितात. ही पाणीही फुंकून प्यायची.

त्यालाही कारण होतं. ती चौदा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी एका ओळखीच्या माणसाच्या कागदावर न वाचता सही केली होती, आणि महिनाभरात त्यांच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग त्या माणसाचा झाला होता. वडील उरलेल्या अर्ध्यात बसून आयुष्यभर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तेव्हापासून कुठलाही कागद ही तीनदा वाचल्याशिवाय हातावेगळा करत नसे.

घराच्या मागच्या खोलीत ती ब्रश बनवायची. लाकडी ठोकळ्याला भोकं पाडायची, नायलॉनच्या तंतूंचा झुपका मधोमध दुमडायचा, तारेच्या फासात धरून भोकातून ओढून घ्यायचा आणि शेवटी कात्रीनं टोकं सारखी करायची. बेकरीच्या ट्रेला तेल लावायचे ब्रश, छापखान्याचे रूळ पुसायचे, बाटल्या आतून धुवायचे लांब दांड्याचे. एकोणीस वर्षं तार ओढून ओढून तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर कायमच्या रेघा उमटल्या होत्या. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. माणूस थट्टेखोर, पण संध्याकाळी आला की न सांगता ठोकळे घासायला बसायचा.

सगळं सुरळीत चाललं असताना सरबताच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यानं निरोप पाठवला. हे तिचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. निरोप असा, की पुढच्या तिमाहीपासून माल फक्त नोंदणी असलेल्यांकडूनच घेणार. उद्योग मदत केंद्राचं प्रमाणपत्र घेऊन या.

"झालं," ती म्हणाली. "आता सरकारला माझं घर कळणार."

"अगं, लाइटबिल कुणाकडून येतं तुला?" नवरा म्हणाला. "घर त्यांना कधीचंच कळलंय."

उद्योग मदत केंद्र म्हणजे जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत टेबलामागे एक मॅडम होत्या, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि "बोला ताई, काय काम करता?" असं हसून विचारलं. तिथंच पहिली शंका आली. कचेरीतला माणूस गोड बोलला की पाणी कुठंतरी मुरतंय, हे तिचं ठाम मत.

"नोंदणीला किती लागतील?"

"काही नाही. फुकट आहे."

"आणि नंतर?"

"नंतरही फुकट."

"मग यात तुमचं काय?"

मॅडम जोरात हसल्या. "माझा पगार, ताई. तुम्ही आलात तरी मिळतो, नाही आलात तरी मिळतो."

आता तिची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. तिच्या नावात एक ऱ्हस्व वेलांटी होती. ती प्रत्येक ठिकाणी नाव थोडं वेगळं लिहायची. बँकेत बरोबर लिहिलेलं, गॅसवाल्याकडे वेलांटीच नाही, विमेवाल्याकडे एक अक्षर जोडाक्षर करून. म्हणजे उद्या कुणाचा मेसेज आला, तर नाव कसं लिहिलंय यावरून कळावं की आपली माहिती कुणी विकली. विमेवाल्याला तिनं असंच एकदा पकडलं होतं, आणि त्याला दारात उभं करून जे ऐकवलं ते शेजारच्या दोन गल्ल्यांनी ऐकलं. केंद्राच्या फॉर्मवर तिनं पहिल्यांदाच दीर्घ वेलांटी दिली.

प्रमाणपत्र अर्ध्या तासात हातात आलं. इतक्या लवकर काम झाल्यानं ती आणखीनच अस्वस्थ झाली. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "ताई, ब्रश हातानं बनवता ना? भोकं पाडून झुपके भरणारं यंत्र मिळतं. निम्मी किंमत योजनेतून भरली जाते. बारा दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, आमचे सल्लागार येऊन जागा बघतील. अर्ज करून ठेवा, काही बिघडत नाही."

'काही बिघडत नाही' हे वाक्य तिच्या वडिलांनाही कुणीतरी ऐकवलं होतं. पण यंत्राचं चित्र तिनं पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं, आणि अर्ज भरला. दीर्घ वेलांटीसकट.

सल्लागार आठवड्यानं आले. कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, काटकुळे, खांद्याला कापडी पिशवी आणि खिशात मोजपट्टी. त्यांनी खोलीची लांबी-रुंदी मोजली, दाराची उंची मोजली, विजेचं बटण काढून आतल्या तारा बघितल्या.

"दिवसाला किती ब्रश होतात, ताई?"

"तीस." होत साठ होते.

"एकोणीस वर्षांचा हात आणि तीसच?" ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला दिसलं नाही. चहा आणला तर हात जोडून नको म्हणाले. पाणीही अर्धा पेलाच प्यायले.

"जो माणूस चहासुद्धा घेत नाही," त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "तो नेमकं काय घ्यायला आला होता?"

"तुझे ठोकळे," नवरा म्हणाला. "आज एक कमी भरतोय."

ठोकळा पलंगाखाली सापडला. पण शंका काही पलंगाखाली गेली नाही. आणि चौथ्याच दिवशी मोबाइलवर मेसेज आला. आपला ब्रश यंत्राचा अर्ज मंजूर झाला असून फाइल शुल्क आज भरावे, अन्यथा यंत्र पुढच्या अर्जदारास देण्यात येईल. खाली एक नंबर, आणि वर तिचं नाव. दीर्घ वेलांटी.

ती बराच वेळ त्या वेलांटीकडे बघत राहिली. हे नाव जगात दोनच माणसांनी पाहिलं होतं, मॅडमनी आणि त्या सल्लागारानं. मॅडम तर खुर्चीतून हलत नाहीत. पिशवी घेऊन दारोदार फिरतं कोण?

तिनं पैसे भरले नाहीत. कुणाला काही बोललीही नाही. प्रशिक्षणाला मात्र पहिल्या दिवशी वेळेआधी हजर झाली, कारण शिकवायला तेच सल्लागार येणार होते. पहिल्या बाकावर बसून ती त्यांच्याकडे असं बघायची की बिचाऱ्यांचा खडू थांबायचा. मालाची किंमत कशी काढायची, यंत्राला तेल कधी द्यायचं, बिल कसं लिहायचं, हे सगळं तिनं वहीत उतरवलं आणि समासात दुसऱ्याच नोंदी केल्या: 'सव्वाअकराला बाहेर गेले. फोनवर हळू बोलले.'

"तू शिकायला जातेस की पाळतीवर?" नवऱ्यानं समास वाचून विचारलं.

"दोन्ही."

शेजारच्या बाकावर पडदे शिवणारी एक बाई बसायची, गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी डबा खाताना तिनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही फाइल शुल्क भरलं का हो? मी भरलं. मशीन यायला अजून किती दिवस लागतील?"

हिनं डब्याचं झाकण लावलं. आतापर्यंत हा तिचा एकटीचा संशय होता. आता एका बाईचे खरे पैसे गेले होते. ती म्हणाली, "यापुढे कुणाला काही भरू नका. आणि हे आत्ता कुणाला सांगू नका." पडदेवालीचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच दुपारी सल्लागार पिशवीत फाइली भरून निघाले आणि ती त्यांच्या मागे निघाली. ते चौकात थांबले की ही चपलेच्या दुकानात शिरायची, ते निघाले की ही बाहेर. ते गेले कुठे, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. फाइली काउंटरवर ठेवल्या, "तासाभरात येतो" म्हणाले आणि समोरच्या औषधाच्या दुकानाकडे गेले.

ती बाहेरच्या फलकाआड उभी राहिली. झेरॉक्सवाल्यानं एकेक फाइल उघडली, कागद यंत्रात घातले, प्रती काढल्या. आणि प्रत्येक फाइलीचं पहिलं पान यंत्राखालून काढलं की खिशातल्या मोबाइलनं त्याचा फोटो घेतला. अगदी सवयीनं, सुपारी कातरल्यासारखं.

दुसरी एखादी असती तर तिथंच आरडाओरडा केला असता. हिनं केला नाही. आरडाओरडा केला की माणूस फोटो पुसून टाकतो आणि आपणच खोटे पडतो, इतकं तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं अर्जाचा एक कोरा नमुना घेतला, त्यावर स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला, आणि नावातल्या वेलांटीवर एक फुकटचा अनुस्वार ठेवला. डोक्यावरून पदर घेऊन त्या दुकानात गेली. "एक प्रत द्या हो." त्यानं पानाकडे पाहिलं, वर योजनेचं नाव होतं. "आत जाऊन काढून देतो," म्हणाला.

दोन दिवसांनी मेसेज आला. नंबर नवा, मजकूर तोच. नावावर अनुस्वार.

ती दोन्ही मेसेज आणि पडदेवालीला घेऊन केंद्रात गेली. सल्लागारही तिथंच बसले होते. तिनं वेलांटीपासून अनुस्वारापर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर लावला, काढला, परत लावला. सल्लागारांचा चेहरा मात्र पाहवेना.

"आमचं प्रतींचं यंत्र बंद पडून दोन वर्षं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हापासून मीच नेतोय फाइली तिकडे. मीच."

"साहेब, एक सांगायचंय," ती म्हणाली. "माझा संशय तुमच्यावरच होता."

"तुम्ही मागे येताय ते माहीत होतं, ताई. चौकापासून तुमच्या चपलांचा आवाज येत होता. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी विचारायचंय आणि धीर होत नाहीये."

"मग चहा का घेतला नाहीत त्या दिवशी?"

"पित्त होतं हो मला."

पुढं तक्रार झाली, पोलीस दुकानात गेले, मोबाइल ताब्यात घेतला. तेवीस अर्जांचे फोटो निघाले, आणि त्यातल्या सहा जणांनी पैसे भरले होते. पडदेवालीचे निम्मे परत आले, तेही आठ महिन्यांनी. बाकीचे गेले ते गेलेच. केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लागली, की इथे कसलंही शुल्क नाही. प्रतींचं यंत्रही दुरुस्त झालं. दोन वर्षं अडलेलं ते काम चार दिवसांत झालं, यावर ती आठवडाभर संशयानं बोलत राहिली.

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आणि तिचाच अर्ज परत आला.

मॅडमनी कागद तिच्यापुढे पसरले. प्रमाणपत्रावर दीर्घ वेलांटी, बँकेच्या पुस्तकात ऱ्हस्व, गॅसच्या पावतीवर वेलांटीच नाही, विम्याच्या कागदावर जोडाक्षर. "वरची कचेरी विचारतेय, ताई, की या चार बायका कोण आहेत?"

"मीच."

"ते मला कळलं. त्यांना कसं कळणार?"

तिला हसू येईना आणि रडूही. वकिलाकडे जाऊन तिनं प्रतिज्ञापत्र केलं, की वरील सर्व नावांची व्यक्ती एकच. वकिलानं दोनदा विचारलं, "असं का केलंत?" तिनं शिक्क्याचे पैसे मोजून पुढे ठेवले. प्रत्येक ठिकाणी नाव दुरुस्त करता करता साडेतीन महिने गेले, आणि त्या वर्षीची यंत्रं संपली. कारखान्याचं काम प्रमाणपत्रामुळे टिकलं एवढंच. वर्षभर ती हातानंच तार ओढत राहिली, आणि या वर्षासाठी दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नव्हतं, याचा तिला सगळ्यांत जास्त राग होता. एकदा ठोकळे घासता घासता नवरा म्हणाला, "चोर पकडलास खरा, पण वरच्या कचेरीच्या संशयितांत तूच चार वेळा आलीस." त्या रात्री तिनं उरलेले ठोकळे एकटीनंच घासले.

सल्लागार अधूनमधून येत राहिले. आता येण्याची गरज नव्हती तरी. एकदा त्यांनी खोलीचा दरवाजा पुन्हा मोजला आणि म्हणाले, "यंत्र आलं तर चौकट काढावी लागेल. आधीच काढून ठेवा." तिनं ठेवली नाही. यंत्र येण्याआधी चौकट काढणं म्हणजे मूल होण्याआधी पाळणा हलवणं.

यंत्र पुढच्या वर्षी आलं. टेम्पोतून दोन माणसांनी उतरवलं, चौकट काढायला नवऱ्याला रजा घ्यावी लागली, आणि दुपारी ते खोलीत बसलं. टेम्पोवाल्यानं पोहोचपावती पुढं केली. "सही करा मावशी, आम्हाला दुसरीकडे जायचंय."

"आधी चालवून बघते."

"चालतं हो. नवं आहे."

"मग तर बघायलाच पाहिजे."

तिनं ठोकळा लावला, तंतू भरले, बटण दाबलं. यंत्रानं खडखड करत पहिला ब्रश दिला. तिनं एकेक झुपका चिमटीत धरून ओढून पाहिला, सगळ्या रांगा. मग दुसरा. मग तिसरा. सातव्या ब्रशचे दोन झुपके सुटून हातात आले. तिनं प्रशिक्षणाची वही काढली, स्क्रू आवळला, ताण बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्यानं आतून दोन खुर्च्या आणून अंगणात मांडल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

"बसा," तो त्यांना म्हणाला. "आत्ता कुठे रंगात आलीये ती."

पन्नास ब्रश झाले, एकही झुपका निघाला नाही. तेव्हा कुठे तिनं हात पुसले आणि पावती वाचायला घेतली, वरच्या ओळीपासून.