दांडी ते कोळगाव: आईचा हार आईचाच आहे हे सिद्ध करताना

आईला तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे शारजाला न्यायचं ठरलं तेव्हा मी सगळं तपासलं होतं: व्हिसा, विमा, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. एकच गोष्ट राहिली. तुम्ही आईला नेणार असाल तर आधी ती वाचा. अंगावर जड सोनं घालून देशाबाहेर जाताना विमानतळावर कस्टम्सला दागिना दाखवून निर्यात दाखला घ्यायचा. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा कागद आणि फोटो जवळ ठेवायचे. परत येताना तोच दाखला पुढे करायचा. आमच्याकडे तो नव्हता. बोईसरजवळच्या आमच्या दांडी गावच्या बायका सोनं घरात ठेवून कुठे जात नाहीत, आणि तो हार मी लहानपणापासून आईच्या गळ्यात बघत आलेय. ती मौल्यवान वस्तू आहे हे माझ्या यादीत आलंच नाही.

परतताना विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी हार कुठला ते विचारलं. आई ताठ उभी राहून म्हणाली, "माज्या पोरीनं घेतला. तिकडं इंजिनेर हाय ती."

मी लगेच खरं सांगितलं: हार आईचाच, जुना. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, अंगावर ज्यांच्या आहे त्यांचं मी लिहून घेणार. तुमचं खरं असेल तर पुरावा आणा." आईच्या जबाबावर आईची सही झाली. परदेशातून आणलेलं, शुल्क न भरलेलं सोनं म्हणून बेचाळीस ग्रॅमचा हार सीलबंद झाला आणि आमच्या हातात पावती आली.

"असं का सांगितलंस?" मी टॅक्सीत विचारलं.

"गावात तसाच सांगितलाय मी. जुन्यासारका नवा पोरीनं घेतला म्हनून."

चार वर्षांच्या नोकरीत मी आईला एक मिक्सर घेऊन दिलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुराव्याच्या मागे लागलो. शेजारच्या जमनामावशीकडे तिच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम होता. दहा वर्षांपूर्वीचं लग्न, आईच्या गळ्यात हाच हार. मावशीने फोटो काढून दिला, पण फुकट नाही. "लेकीनं दिलेल्या हाराला माज्या पोराच्या लग्नातला फोटो कशाला गं? तवा तुजी लेक साळंत व्हती!" आईने फोटो पिशवीत घातला.

बोईसरला शेअर रिक्षाने गेलो. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि कडेला बसणार असाल तर रुमालही. कारखान्यांच्या रसायनांच्या टँकरच्या मागे रिक्षा अडकली की वास कपड्यांत बसतो. "मॅडम, दो दिन में आदत हो जाएगी," चालक म्हणाला. मी इथेच वाढले हे त्याला सांगितलं नाही.

तिथल्या आमच्या जुन्या सोनारकाकांनी फोटो चष्म्याजवळ धरला. "हा हूक माझ्या हातचा. या वहिनींच्या दोन बांगड्या मोडून हार केला होता." त्यांनी तेवढंच दुकानाच्या कागदावर लिहून शिक्का मारला. चहाही पाजला.

तिसऱ्या दिवशी पालघर रस्त्यावर कोळगावला उतरलो. जिल्ह्याच्या कचेऱ्या नव्या, प्रशस्त आहेत. पाण्याची बाटली आणि ओळखपत्राच्या प्रती घरूनच न्या. कचेरीबाहेरच्या वकिलांनी आईचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं. "माझ्या मुलीने मला आजवर सोन्याचा कोणताही दागिना दिलेला नाही."

"आजवर लिवायलाच पायजे का?" आईने विचारलं.

"मावशी, त्याच्यावरच तर सगळं उभं आहे."

आईने सही केली. मी साक्षीदार म्हणून खाली केली. नंतर मिसळ खाल्ली. मी पूर्ण, आईने नुसता पाव.

हार मिळेपर्यंत मला दोनदा रजा वाढवावी लागली. कस्टम्सच्या सुनावणीत कागद मान्य झाले. शुल्क लागलं नाही, कारण हार जुना होता आणि मी काही दिलेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी आता सरकारी नोंदीत आहेत.

दांडीला परतलो तेव्हा जमनामावशी बोंबील वाळत घालत होती. "सुटला का गं हार?"

"सुटला," आई म्हणाली. "माजाच हाय तो. पोरीनं आजवर काय दिलेला नाय."

मी शेजारीच उभी होते. तिने आवाज खाली केला नाही.