पाठ झालेला रस्ता

आमच्या गल्लीतले ते गृहस्थ माधवनगरहून सांगलीला रोज सायकलनेच कामाला जात. पायजम्याला सुतळी बांधलेली, हँडलला डबा. वळणावर घंटी न वाजवता मोठ्यानं खाकरत. पुढं नजर अधू झाली, तरी "रस्ता पाठ हाय," म्हणत.

परवा त्यांच्या सायकलचा एका शाळकरी मुलीला धक्का लागला. तिला नुसतंच खरचटलं, पण ते सायकल ढकलत थेट माझ्या दारात आले.

"तुमीच ठिवा ही. घरात ऱ्हायली तर मी बसंनच."

"घरापर्यंत सोडू का?"

"नको. आता चालायचं शिकाय पायजे."

त्यांचं घर माझ्यापासून चौथं. भिंती चाचपत गेले आणि दुसऱ्याच दाराशी थांबून म्हणाले, "आलो गं." ते दार बंद होतं.