ताराला सगळंच चालतं का?

"वैशालीताई, हिरॉइन माफी मागत फिरली की ती छोटी वाटते. दरवानाचा ट्रॅक पुढं नको," रिया व्हिडिओ कॉलवर म्हणाली. ती चॅनेलची क्रिएटिव्ह हेड, मुंबईत बसते.

मी म्हणाले, "दरवान अजून गडाच्या दारातच उभा आहे. त्याला तसाच सोडून पुढचं कसं लिहू?"

आमचं ऑफिस क्रांती चौकाजवळ. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायची जादूची मालिका आम्ही करत होतो, मी तिची लेखिका. शूटिंग खुलताबाद रोडवरच्या एका शेडमध्ये, तिथं गडाचा सेट लावला होता. नायिका तारा, वय सोळा. तिनं समोरच्या माणसाच्या कपाळाला हात लावला की तो सगळं विसरतो. आजारी भावासाठी ती गडावर औषध आणायला जाते. दरवान अडवतो. ती हात लावते. दरवान घर विसरतो, लेक विसरतो, स्वतःचं नावही विसरतो. भाऊ वाचतो. तो सीन प्रोमोत गाजला. सगळे खूश होते, मीसुद्धा.

दरवानाचं काम गफूरभाईंनी केलं होतं. खुलताबादला त्यांचं फुलांचं दुकान आहे, नाटकांची जुनी हौस. त्यांचं दोन दिवसांचं काम संपलं होतं, तरी एपिसोड लागल्यावर आठवड्याभरानं ते सेटवर आले.

"मॅडम, दरवानाचं पुढं काय झालं?"

"तुमचा रोल तिथंच संपला, भाई."

"रोलचं नाय विचारत. माणसाचं विचारतो. दुकानात लेकरं येतात. म्हणतात, चाचा, घर सापडलं का? एक पोरगी लई चिडली. म्हणली, तारा वाईट आहे. तिची अम्मी म्हणली, अगं, ती हिरॉइन आहे, तिला चालतं."

"तिला चालतं" हे त्या बाईंना मीच शिकवलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

मालिका सुरू होण्याआधी आम्ही एक फाइल करतो. पात्रं, गावं, जादूचे नियम, सगळं तिच्यात. आमच्याकडं तिला बायबल म्हणतात. मी ती काढली. नियम माझ्याच हातचा होता: ताराच्या हातानं गेलेली आठवण परत येत नाही. म्हणजे दरवानाचं नुकसान कायमचं होतं, आणि मी ते एका ओळीत उरकलं होतं.

मी दिग्दर्शक साळवे सरांकडं गेले. ते म्हणाले, "पटतंय. लिहा, मी शूट करतो. पण चॅनेलशी तुम्ही बोलायचं."

म्हणून रियाला तो कॉल लावला होता. बरंच बोलणं झाल्यावर रिया थोडी नरमली. "ठीक आहे, दरवान आणा. पण शेवटी त्याची आठवण परत येऊ दे. लेक मिठी मारते, म्युझिक, संपलं."

"आठवण परत येत नाही. नियम आहे."

"नियम कोणाच्या लक्षात आहे?"

"लेकरांच्या आहे. आणि आठवण परत आली, तर ताराला काहीच किंमत मोजावी लागली नाही असं होईल."

"फॅमिली शो आहे, ताई."

"म्हणूनच म्हणतेय. आठवण परत आणायची असेल तर तो एपिसोड दुसऱ्याकडून लिहून घ्या. माझं नावही काढा."

माझं घर त्या कामावर चालत होतं. शेजारी बसलेले साळवे सर पुढं झुकले. "रिया, एक एपिसोड द्या. बिघडलं तर माझ्यावर टाका."

तिनं एक एपिसोड दिला.

मी लिहिलं: तारा दरवानाला त्याच्या घरी नेते. त्याच्या लेकीला सांगते, "हे मी केलं." लेक रडते आणि माफ करते. रिहर्सलला गफूरभाई थांबले.

"इतक्या लवकर? माझी लेक असती तर ताराला दारात उभं केलं नसतं."

"मग काय करील ती?"

"ते मला नाय ठाऊक. पण माफ नाय करणार. आणि मॅडम, या माणसाचं नाव काय?"

मी कागद पाहिले. सगळीकडं "दरवान १" होतं.

तिथंच बसून सीन बदलला. दरवानाचं नाव ठेवलं सुभाना. लेक म्हणते, "माफी ठेव तुझ्याजवळ. रोज यायचं. आधी त्यांना त्यांचं नाव शिकवायचं, मग माझं." तारा ओट्यावर बसते आणि म्हणते, "तुमचं नाव सुभाना." तो म्हणतो, "बरं." पुन्हा विचारल्यावर त्याला सांगता येत नाही. एपिसोड इथंच संपतो.

एपिसोड लागला. काही पालकांनी चॅनेलला कळवलं की मुलं रडली. रियानं ते मेसेज मला पाठवले. मग दुसरे मेसेज येऊ लागले: सुभानाला नाव आलं का? तारा आज गेली का? शेवटी रियाचाच फोन आला. "तो ओटा ठेवा." सीझन संपेपर्यंत तारा त्या ओट्यावर जात राहिली. सुभानाला नाव पाठ झालं. लेकीला मात्र तो नव्यानंच ओळखायला शिकला. लेकीनं ताराला माफ केल्याचा सीन मी लिहिला नाही.

पुढच्या सीझनला चॅनेलनं "जरा हलकं लिहिणारा" लेखक घेतला. मी आता दुसऱ्या मालिकेवर आहे. हिरोला माफ करायचा हक्क लेखकाचा नसतो, ज्याला लागलं त्याचा असतो. तो माणूस स्क्रिप्टमध्ये बहुतेक वेळा बिननावाचा असतो. त्यामुळं मी आधी दरवान, गाडीवान, स्वयंपाकी यांना नावं देते. वेळ जातो, पण मग त्यांना सोडून पुढं जाणं अवघड होतं.