आठवड्याची सुई

देवपुरात दवाखाना टाकला तेव्हा वाटलं होतं, लोक आजार घेऊन येतील. लोक किस्से घेऊन येतात, आजार मागाहून सांगतात. वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन आल्यापासून तर विचारूच नका.

*

किराण्याचे एक घाऊक व्यापारी. मी बजावलं होतं, "शेठ, डोस लहानापासून सुरू करायचा, महिन्यामहिन्याने वाढवायचा." पण पुतणीचं लग्न जवळ आलं. त्यांनी परस्पर मोठा डोस टोचून घेतला आणि ऐन हळदीत बादली धरून बसले. सलाईन लावताना म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे मोठा माल उचलला की फायदाच असतो हो."

*

एक शिक्षक जोडपं. मधुमेह बाईंना, इंजेक्शनचं पेन बाईंचं, बारीक होत होते मात्र सर! चौकशी केली तर पेन दोघांत. सर म्हणाले, "सुई बदलतो ना आम्ही." मी चिडलोच. सुई बदलली तरी रक्तातले आजार पेनमधून जातात, हे त्यांना ठासून सांगितलं. बाई सरांकडे बघत म्हणाल्या, "तरीच माझी साखर हलेना."

*

सोनगीरचे नाना म्हणजे खाणारा गडी. शेतात भरीत पार्टी असली की नाना आल्याशिवाय कोणी भाकरी मोडायचं नाही. पण वजनाने गुडघे गेले, साखर चढली. इंजेक्शन सुरू केलं. पहिले काही आठवडे मळमळ झाली, मग नाना रुळले. साखर उतरली, जिना चढायला लागले. मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

आणि परवा त्यांच्या पत्नी, अक्का, एकट्याच आल्या. मुळातच काटकुळ्या, आता तर गालाची हाडं दिसत होती. मला काळजी वाटली. काही विचारायच्या आत म्हणाल्या, "डॉक्टरभाऊ, माले बी ती सुई द्या."

"अक्का, तुमचं वजन वाढायला हवं. ती सुई भूक मारते."

"म्हणीसनच मांगस." अक्का खुर्चीत टेकल्या. लग्नापासून दोघं एकाच ताटात जेवतात, हे मला तेव्हा कळलं. "तुमना नाना दोन घास खातस नि उठी जातस. एकलीले घास उतरस नही. मंग माले तरी भूक कसाले?"

आणि त्यांनी पदर सावरून दंड पुढे केला.