चौदाव्या शतकाची राखण

चिलखत घालून जुन्या काळासारख्या झुंजी खेळणाऱ्या आमच्या मंडळातल्या पोरांना तलवारीपेक्षा बोझेनाचीच धास्ती जास्त. एरवी ती औषधाच्या दुकानात काम करायची, पण स्पर्धेच्या सकाळी मैदानाच्या तोंडाशी उभी राहायची आणि प्रत्येकाचं चिलखत तपासायची. मंडळ तिच्या वडिलांनी काढलेलं. चौदाव्या शतकात नव्हतं ते मैदानात येणार नाही, हा नियमही त्यांचाच. म्हातारा गेला आणि नियम हिच्या गळ्यात पडला.

"चौदाव्या शतकात झिप होती का रे?" असं विचारून तिने एकाला भर थंडीत अंगरखा उतरवायला लावला होता. मी शेजारीच सुपाचं पातेलं ढवळत होते. आम्ही खूप हसलो.

त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ लुत्सियान नवं शिरस्त्राण घेऊन आला. तो बस चालवायचा. पन्नाशीला टेकला होता, मान धरलेली, तरी खेळ सुटत नव्हता. बोझेनाने खिशातलं लोहचुंबक शिरस्त्राणाला लावलं. ते चिकटेना.

"टायटेनियम," ती म्हणाली.

"बोझेंका, निम्म्या वजनाचं आहे गं. मान फार दुखते."

"मग खेळू नकोस."

"दिसायला तर हुबेहूब आहे ना? बाबांनासुद्धा कळलं नसतं."

"मला कळलं. बाजूला हो. मागे रांग लागलीये."

तो चिडला. मंडळातल्या लुडविकचा पाय मुरगळला होता, त्याचं पोलादी शिरस्त्राण मागून आणलं. लुडविकचं डोकं म्हणजे भोपळा. बोझेनाने चुंबक लावलं, रिव्हेट पाहिले, पट्ट्याचं बक्कल पाहिलं आणि भावाला आत सोडलं.

पाच विरुद्ध पाचची झुंज होती. कानशिलावर पहिला घाव बसला तसं ते सैल शिरस्त्राण डोक्यावर फिरलं. डोळ्यांची फट गालावर गेली. आंधळ्यासारखा तो हातांनी चाचपडत राहिला. पंचाने शिट्टी मारली, पण लोखंडाच्या आत कुणाला ऐकू येतंय? मागून परशूचा दुसरा घाव बसला आणि तो आडवा झाला.

मेंदूत रक्तस्राव झाला. लुत्सियान वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याचं स्वतःचं शिरस्त्राण असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांना सांगता येईना.

दवाखान्याच्या पायरीवर त्याची बायको रेनाटा बोझेनाला म्हणाली, "शतक बरोबर आलं ना तुझं? झालं तर मग. आता जा घरी."

बोझेना माझ्याकडे आली. कोटही न काढता स्वयंपाकघरात बसली. "मी बक्कल बघितलं," म्हणाली. "त्याचं डोकं नाही बघितलं."

नियमच तसा होता, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी चहाचं पाणी ठेवलं.

वर्षभर रेनाटाने तिला दाराबाहेर ठेवलं. मंडळाने दुसरा तपासनीस नेमला. तो सगळ्यांना सोडतो. पोरं खूश आहेत. पुढे बसचा पगार थांबला, घर चालेना, आणि रेनाटा जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. जाताना नवऱ्याला बोझेनाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणून सोडलं. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत. औषधं कधी द्यायची ते मात्र रेनाटाने नीट समजावून सांगितलं.

मी रविवारी जाते. तिला त्याला उचलायला मदत लागते. बोललेलं त्याला सगळं कळतं, मान हलवून हो-नाही सांगतो. परवा बिटाचं सूप भरवता भरवता तिने अचानक विचारलं, "लुत्सेक, राग आहे का रे माझ्यावर?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मान हलली नाही. मग त्याने पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं, आणि तिने तो भरवला.