लिंबानं गिळलेला वाळा

कोंडाबाईचं बोलणं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. रेणापूरजवळच्या खेड्यात तिचं घर, समोर हाजराबीचं. बहात्तरच्या दुष्काळात भीमा, तिचं तान्हं लेकरू, तापानं फणफणला. तिनं त्याच्या पायातला चांदीचा वाळा काढला आणि दारातल्या कडुलिंबाच्या कोवळ्या रोपाला गुडघ्याएवढ्या उंचीवर दाबून बसवला. ‘झाड वाढंल तसं माझं लेकरू वाढू दे,’ असा नवस बोलली. झाड हाजराबीवर सोपवून घरदार धरणाच्या कामावर गेलं.

परतली तेव्हा भीमा शाळेच्या वयाचा झाला होता आणि लिंब छपराच्या वर गेला होता. लेकराचं कपाळ वर सरकतं तसा वाळाही झाडाबरोबर वर गेला असणार, असं या शहाण्या बाईनं धरलं. शिडी लावून फांदी न् फांदी चाचपली. बुडाकडं पाहिलंसुद्धा नाही. मग पारावर गाव गोळा करून हाजराबीकडं बोट दाखवत ओरडली, “ही वाळेचोर हाय!”

“कोंडाबाई, माझ्या घागरीतलं पाणी पाजून जगवलंय म्या ते झाड,” हाजराबी एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं कोंडाबाईचा उंबरा ओलांडला नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. रस्ता रुंद करायला निघाले, त्यात लिंब आडवा आला. सरदार नावाच्या लाकूडतोड्याची करवत गुडघ्याएवढ्या उंचीवर खरखरून अडली. खोड फोडलं तर आत काळाठिक्कर वाळा. “ह्यो इतक्या खाली कसा?” कोंडाबाईनं विचारलं.

“मावशे, झाड शेंड्याकडून उंच होतंय,” सरदार म्हणाला. “खोड जागच्या जागी जाड होतंय. वाळा हाय तिथंच व्हता, झाडानं गिळला.”

कोंडाबाई शरमेनं अर्धी झाली. वाळा घेऊन हाजराबीच्या पाया पडायला वाकली. हाजराबीनं पाय मागं घेतले.

“मला काय दावतीस? गावाला दाव.”

कोंडाबाई दारोदार निघाली. पहिल्याच घरात नवी सून पंचशीला पीठ चाळत होती.

“पोरी, हाजराबीनं चोरी केली न्हाई. माझंच चुकलं.”

“कोण हाजराबी?” पंचशीला गोंधळली. मग हसून म्हणाली, “आगं बाई, वाळेचोर म्हातारी व्हय? तिचं नाव हाजराबी हाय?”

कोंडाबाई उंबऱ्यावरच बसली. ते नाव तिनंच ठेवलं होतं.